पोत्यावरची प्रॅक्टिस आणि एक खोटा ठराव

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या जुन्या वहीत एक ठराव आहे. 'तळमजल्यावरील सभासदांनी केलेल्या तोंडी तक्रारीनुसार सदनिकेत चेंडू, बॅट अथवा तत्सम साधनांनी सराव करण्यास मनाई करण्यात येत आहे.' खाली अनुमोदकाचं नाव, सर्वानुमते मंजूर, सेक्रेटरीची सही. अक्षर सुंदर आहे. ते माझं आहे. आणि त्यातली ती तक्रार कोणीही, कधीही केलेली नव्हती.

हे आता कशाला उकरून काढता, असं मला तीन जणांनी विचारलं. त्यातल्या एकाने माझ्या वयाचा उल्लेख केला. मी शहात्तर वर्षांचा आहे. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत, पण मी काय लिहिलं होतं आणि कशासाठी, हे मला स्वच्छ आठवतं. ज्यांना हा म्हातारचळ वाटतो त्यांनी खुशाल तसं समजावं. मी लिहिणार आहे.

आम्ही कोपरखैरण्यात, बोनकोड्याच्या बाजूला राहतो. तीन मजली इमारत, पहिला मजला. इमारत नवी होती तेव्हापासून. मी महाप्याला एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. अक्षर चांगलं आणि कोणाशी भांडण नाही, म्हणून सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं ते अकरा वर्षं राहिलं.

माझी मुलगी नववीत असताना बेसबॉल खेळायला लागली. तिच्या शाळेतलं मैदान क्रिकेटवाल्या मुलांनी व्यापलेलं असायचं. पीटीचे सर हट्टी होते. मुलींना मैदान मिळत नाही ना, मग मुलींचा खेळच वेगळा करू, म्हणून त्यांनी बेसबॉलची टीम काढली. नातेवाईक विचारायचे, म्हणजे क्रिकेटच ना? सुरुवातीला ती समजावून सांगायची. नंतर नुसतं 'हो' म्हणायची.

अकरावीत गेल्यावरही ती सरांच्याच टीममधून खेळायची. पण मैदान आठवड्यातून दोनच दिवस मिळायचं. उरलेल्या दिवसांसाठी सरांनी घरी करायच्या गोष्टी एका कागदावर लिहून दिल्या होत्या. तो कागद आमच्या फ्रिजवर चिकटवलेला असायचा. टॉवेलचं एक टोक मुठीत धरायचं आणि चेंडू फेकल्यासारखा पूर्ण हात फिरवायचा. समोर खुर्ची ठेवायची. टॉवेलचं दुसरं टोक खुर्चीच्या पाठीवर सटकन बसलं तर हात बरोबर गेला, हवेत राहिलं तर चुकला. मोज्यांचे गुंडाळून बोळे करायचे, भिंतीला गादी उभी करून तिच्यावर खडूने चौकोन काढायचा आणि एका गुडघ्यावर बसून नुसत्या मनगटाने ते बोळे चौकोनात मारायचे. नजरेसाठी चवळी. कोणीतरी एकेक दाणा फेकायचा आणि तिने मॉपच्या तुटक्या दांड्याने तो टिपायचा. दाण्याला दांडा लागायला लागला की चेंडू भोपळ्याएवढा दिसतो, असं सर म्हणायचे. बायको म्हणायची, चवळी खायला आणलीय का बडवायला? पण फेकायची तीच. ठरलेल्या वेळेला वाटी घेऊन मोरीच्या दाराशी बसायची.

बॅट फिरवण्यासाठी मात्र काहीतरी मारायला हवं होतं. आमच्या हॉलच्या छताला पाळण्याची कडी आहे. मुलीने तिला उशी टांगली आणि उशीवर बॅट मारायला लागली. पहिल्याच आठवड्यात खालचे शेजारी वर आले.

खालचे शेजारी म्हणजे साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या बाजारात कांद्या-बटाट्याची पोती उचलायचे. पहाटे कामाला जायचे, दुपारी घरी येऊन जेवून झोपायचे. मुलीची प्रॅक्टिस चार वाजता सुरू व्हायची, म्हणजे ऐन त्यांच्या झोपेच्या वेळी. मी दार उघडलं आणि आधीच माफी मागायला लागलो. ते माझ्याकडे न बघता आत आले, फाटलेल्या उशीकडे बघितलं आणि मुलीला म्हणाले, उशीत दम न्हाई पोरी. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून एक पोतं आणलं. त्यात चिंध्या आणि सुतळीचे तुकडे दाबून दाबून भरले आणि कडीला अशी गाठ मारली की पोतं फिरेल पण भिंतीवर आदळणार नाही. पोतं कुठे वजन धरतं आणि कुठे सोडतं, हे त्यांना खांद्याने कळत होतं. कुठे मारायचं ते त्यांनी तिला कोळशाने खूण करून दाखवलं. आवाजाचा त्रास होत नाही ना, असं मी विचारलं, तर हसले. अंगावरनं ट्रक गेला तरी मी जागा व्हायचो न्हाई, म्हणाले.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. त्या माणसाने तक्रार केली नाही एवढंच नव्हे, ते पोतंही त्यानेच टांगलं होतं.

ती बारावीत गेली आणि जिल्ह्याच्या संघात आली. पुण्याला राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती, दीड महिन्याने. त्याच दरम्यान गणपतीला आम्ही माझ्या थोरल्या भावाकडे गेलो. घर माणसांनी भरलेलं. मुलीने पाण्याची मोठी कळशी एका हाताने उचलून आत नेली. भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "खांदे बघितलेस का रे तिचे? मुलगी आहे की माथाडी?"

सगळे हसले. मीही हसलो. मुलीने माझ्याकडे बघितलं होतं, ते मला दिसलं होतं, तरी हसलो.

घरी आल्यावर तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला आवडत नसेल तर सांगा. तुम्ही नको म्हणालात तर मी सोडते."

इतकं सरळ मला आयुष्यात कोणी काही विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "मला कसली हरकत? खेळ की."

मला हरकत होती. बारावीचं वर्ष होतं, हे एक कारण. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण म्हणजे भावाच्या घरातलं ते हसणं माझ्या कानातून जात नव्हतं. तिला नाही म्हणून वाईट बाप व्हायची माझी तयारी नव्हती, आणि लोक हसले तरी हसू देत, असं म्हणण्याचीही नव्हती. म्हणून मी तिसरा रस्ता काढला.

कोणत्याही सोसायटीच्या सभेत पहिला विषय ठरलेला असतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते कोणी वाचत नाही. सेक्रेटरी 'मागील इतिवृत्त' एवढंच म्हणतो, लोक 'मंजूर, मंजूर' म्हणतात आणि पाण्याच्या टाकीच्या विषयावर येतात. अकरा वर्षांत मला एकानेही पूर्ण वाचा म्हणून सांगितलं नव्हतं. ही गोष्ट सेक्रेटरीइतकी कोणाला ठाऊक नसते. त्या महिन्याच्या सभेचं इतिवृत्त लिहिताना मी गळक्या पायपाच्या विषयाखाली तो ठराव घातला. तक्रारदार कोण, तर तळमजला. दुपारी झोपणारा माणूस, कोणालाही पटेल. अनुमोदक म्हणून ज्यांचं नाव घातलं ते सभेला आले होते की नाही हे त्यांनाही आठवलं नसतं. मग ठरावाचा उतारा काढून, खालच्या खोलीचा नंबर घालून, शिक्का मारून मी तो फळ्यावर लावला. पुढच्या सभेत तो कायम झाला. मंजूर, मंजूर.

मुलीने तो फळ्यावरच वाचला. वर आली. मी म्हणालो, "नियम आहे बाळा. मीच सेक्रेटरी, माझ्याच घरात मोडता येणार नाही." हे वाक्य मी ठरवून ठेवलं होतं. तिने स्टूल घेतलं, पोतं सोडवलं, दोन्ही हातांनी कवटाळून खाली नेलं आणि शेजाऱ्यांच्या दाराशी ठेवून, बेल न वाजवता परत आली. मी जिन्याच्या कठड्याशी उभा राहून हे बघितलं.

पुण्याला तिची निवड झाली नाही. घरी सराव चालू असता तरी झाली नसती कदाचित, असं लोक मला आता सांत्वनाला म्हणतात. असेल. ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक होऊ नये अशी व्यवस्था मीच केली होती. तिने खेळ सोडला. आमच्या घरात त्याची एक गोष्ट तयार झाली आणि ती सगळ्या नातेवाइकांत फिरली. पोरगी चांगली खेळायची हो, पण खालच्या माणसाने खेळू दिलं नाही. मी ती गोष्ट कधी सांगितली नाही. समोर कोणी सांगितली तर अडवलीही नाही. दर दिवाळीला खाली जाणारं फराळाचं ताट बायकोने बंद केलं. मुलगी जिन्यात त्यांच्याशी बोलेनाशी झाली. वीस वर्षांहून जास्त.

आता मुलगी महाप्याला आयटी पार्कमध्ये नोकरी करते आणि घणसोलीला राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, अकरा वर्षांची आहे. शाळा सुटली की ती आमच्याकडे येते आणि साडेसहाला आई तिला घेऊन जाते. मागच्या वर्षी नातीच्या शाळेत बेसबॉल सुरू झाला. एका शनिवारी मुलगी आली, स्टूलवर चढली आणि तिने पाळण्याच्या कडीला एक उशी टांगली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तुम्ही सेक्रेटरी नाही ना?" चेष्टेत म्हणाली होती. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

मग टॉवेल आला, मोज्यांचे बोळे आले. बायकोची कंबर दुखते म्हणून चवळी फेकायचं काम माझ्याकडे आलं. नात मला ओरडायची, आजोबा, खांद्याच्या वर नको, पोटाच्या समोर. मी फेकत राहायचो.

तीन महिन्यांनी कमिटीचं पत्र आलं. नवे सेक्रेटरी तरुण आहेत, बोलायला नम्र. पत्राची भाषाही नम्र होती. सोसायटीच्या जुन्या ठरावानुसार सराव बंद करावा, प्रत सोबत जोडली आहे. सोबत माझ्याच अक्षराची झेरॉक्स.

संध्याकाळी मुलीने ते वाचलं. चपला काढल्याच नव्हत्या, तशीच वळली आणि खाली गेली. मी तिच्या मागे गेलो. बायको विचारत होती काय झालं, तिला उत्तर न देता गेलो.

खालचे शेजारी आता थकलेत. गुडघ्यांना पट्टे बांधतात. त्यांनी दार उघडलं आणि मुलगी म्हणाली, "काका, वीस वर्षं झाली. आता माझ्या मुलीच्या मागे लागलात? तेव्हा निदान तोंडावर तरी सांगायचं होतं."

ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी मला कळलं की त्यांना सगळं ठाऊक आहे.

"ती तक्रार त्यांची नव्हती," मी म्हणालो. "कोणाचीच नव्हती. मी लिहिली."

मुलगी वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, खेळ."

"हो."

जिन्यावरून कोणीतरी भाजीची पिशवी घेऊन वर गेलं. आम्ही तिघं बाजूला झालो, परत तसेच उभे राहिलो. मग मी शेजाऱ्यांना विचारलं की तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं. ते म्हणाले, "फळ्यावर माझ्या खोलीचा नंबर हुता. पोरानं वाचून दावला."

"मग बोलला का नाहीत?"

"पोरीपुढं बापाला खोटं पाडायचं? न्हाई जमलं." मग म्हणाले, "पर राग लई आला हुता साहेब. अजून हाय."

मुलगी त्यांच्या घरात गेली. मला कोणी बोलावलं नाही, आणि ते बरोबर होतं. मी वर येऊन बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली की माझ्या हातून त्या माणसाचं ताट बंद करवलंत तुम्ही.

पुनर्विकासाच्या घोळामुळे आमच्याकडे हल्ली दर महिन्याला सभा असते. रविवारी सकाळी, गच्चीवर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. सेक्रेटरी म्हणाले, मागील इतिवृत्त, आणि चारपाच आवाज आले, मंजूर. मी उठलो. म्हणालो, पत्रासोबत ज्या ठरावाची प्रत दिलीत तो मोठ्याने वाचा. ते म्हणाले, काका, हा विषय अजेंड्यावर नाही. मी म्हणालो, इतिवृत्त वाचणे हा अजेंड्यावरचा पहिलाच विषय आहे, नुसतं ते आपण कधी करत नाही. कोणीतरी म्हणालं, काका, चहा गार होतोय. मी म्हणालो, होऊ दे, आणि झेरॉक्स काढून स्वतःच वाचली. मग ती कशी लिहिली गेली ते सांगितलं. काही वगळलं नाही. भावाच्या घरचं हसणंही सांगितलं.

मागच्या खुर्चीवरून एकजण म्हणाला, "म्हणजे काकांनी स्वतःच तक्रार केली, स्वतःच मंजूर केली, स्वतःच नोटीस लावली. फुल सिस्टिम."

लोक हसले. मी हसू दिलं. हसण्याला घाबरून मी एकदा काय केलं होतं तेच तर सांगत होतो.

खालचे शेजारी कठड्याजवळ बसले होते. त्यांचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर, मी हात जोडले. ते गुडघ्याचा पट्टा सारखा करत राहिले. मग मी मागणी केली की ठराव रद्द करा, आणि तक्रार त्यांची नव्हती, हे वहीत लिहा. सेक्रेटरी माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले की ठराव रद्द करतो, टेन्शन घेऊ नका, बाकीचं कशाला लिहायचं, तुमचंच नाव खराब होईल. मी मोठ्याने म्हणालो, "माझंच व्हायला पाहिजे. इतकी वर्षं त्यांचं झालं."

आठ दिवसांनी त्या सभेच्या इतिवृत्ताचा फोटो ग्रुपवर आला. 'ज्येष्ठ सभासदांनी जुन्या आठवणींना उजाळा दिला. सरावाबाबतचा ठराव कालबाह्य झाल्याने सर्वानुमते रद्द करण्यात आला.' एकही शब्द खोटा म्हणता येणार नाही असं लिहिलं होतं. मला ती कारागिरी लगेच ओळखू आली. खाली लोकांनी अंगठे दाखवले होते.

पुढच्या महिन्याच्या सभेला मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. सेक्रेटरी म्हणाले, मागील इतिवृत्त. मंजूर, मंजूर झालं. मी म्हणालो, "मंजूर नाही."

या इमारतीत हा शब्द त्या ठिकाणी पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणीतरी घरी फोन करा म्हणालं. सेक्रेटरी या वेळी चिडले. मग काय लिहू, तुम्हीच सांगा, म्हणाले. मी सांगितलं आणि एकेक शब्द लिहून होईपर्यंत खाली बसलो नाही. 'सदर ठरावात नमूद केलेली तक्रार तळमजल्यावरील सभासदांनी केलेली नव्हती. ती तत्कालीन सेक्रेटरींनी, स्वतःच्या मुलीचा सराव बंद व्हावा या हेतूने, स्वतः रचून लिहिली होती, हे त्यांनी सभेत कबूल केले आहे. तळमजल्यावरील सभासदांवर इतकी वर्षे विनाकारण ठपका आला.' मी ते पूर्ण वाचायला लावलं. मग सही केली. खालच्या शेजाऱ्यांनी वही मागून घेतली आणि हजेरीतल्या आपल्या नावापुढे सावकाश सही केली. त्यांना ती करायची गरज नव्हती. पण त्यांना करायची होती.

ठराव रद्द झाला, पण नात आता माझ्याकडे सराव करत नाही. मुलीने तिची सोय खालच्या घरात केली आहे. तळमजल्याच्या खाली कोणी राहत नाही, त्यामुळे त्रासाचा प्रश्न नाही, असं तिने आपल्या आईला सांगितलं. मला नाही सांगितलं. खालच्या शेजाऱ्यांनी नव्याने एक पोतं भरलं आहे. चवळी ते स्वतः फेकतात, खुर्चीत बसून. नात सांगते, ते आजोबा फसवून फेकतात, तुमच्यासारखं सरळ नाही.

मुलगी माझ्याशी औषधांबद्दल आणि लाइटबिलाबद्दल बोलते. बायको म्हणते, एकदा जाऊन तिची माफी मागा, थोडं डोळ्यांतून पाणी काढा, मुलगी आहे, विरघळेल. मी तसं करणार नाही. मी मागितली की तिला ती द्यावी लागेल, कारण ती तशी आहे. एकदा मी तिच्याकडून खेळ काढून घेतला. आता तिचा राग काढून घेणार नाही. तो तिला हवा तितके दिवस राहू दे.

चार वाजले की माझ्या पायाखालून पोत्यावर बॅट बसल्याचा आवाज येतो. परवा दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ जिन्यात भेटले. म्हणाले, काका, तुम्हाला दुपारी फारच त्रास होत असेल, आपण दोघं मिळून काहीतरी लिहून देऊ या का? मी त्यांना सांगितलं की मला काही त्रास नाही. तुम्हाला असेल तर कागद मी देतो, पेन मी देतो. तुमचं नाव घाला, तुमच्या खोलीचा नंबर घाला, सही करा आणि स्वतः खाली जाऊन त्या खेळणाऱ्या मुलीच्या हातात द्या.

ते अजून आलेले नाहीत.